मोकळी जागा

पोरीला परत आणायचं म्हणून मी नॉर्वेला गेले होते. हौसेनं न्हाई गेले. हौस करायचं वय मेसच्या शेगडीपुढं गेलं. लातूरच्या क्लासच्या पोरींसाठी पोळ्या लाटून लाटून माझे खांदे कामातनं गेलेत, गुडघ्यांचं तर नावच काढू नका. विमान झालं, दुसरं विमान झालं, मग मोटार, मग ती मोटारच बोटीवर चढली. म्हणलं, आता बैलगाडी तेवढी राहिली, ती पण आणा.

आमच्या गल्लीत भीमाशंकर सरांचे क्लास हायत. माझी पोर पुनम त्यांच्याच हाताखाली शिकली. तिच्यासाठी फिजिक्स शिकवायची जागा त्यांनी धरून ठेवली होती. "शिवकन्याबाई, पोरीला घेऊनच या," असं बजावून सांगितलं होतं. मला पण तेच पाहिजे होतं. नवरा न्हाई, दुसरं लेकरू न्हाई. एकुलती एक पोर जगाच्या टोकाला जाऊन बसली, आणि मी इकडं लोकांच्या पोरींना 'बाई, जेवली का' विचारत जिंदगी काढायची. ह्याला काय अर्थ हाय?

गाव एवढंसं. लाकडाची घरं, कुठं लाल, कुठं पिवळी. चहूकडं डोंगर, जूनमध्ये पण डोक्यावर बर्फ घेऊन उभे. समुद्र म्हणून जो दाखवला तो मला समुद्रच वाटंना. धरणाचं पाणी डोंगरांच्या मधनं आत शिरतं तसा तो लांबवर आत शिरलेला. त्याला तिकडं फ्योर्ड म्हणतात. पाणी काळं, गपगार पडलेलं.

"कसं आहे गाव?" पुनमनं विचारलं.

"चांगलं हाय," मी म्हणलं. "माणसं कुठं गेलीत?"

ती हसली. दमली होती ती पण. डोळ्याखाली काळं आलं होतं. काय काम करते विचारलं की आजवर 'कॉम्प्युटरवर असतं गं' एवढंच सांगायची.

त्या दिवसांत तिकडं रात्रच होत न्हाई. बारा वाजले तरी खिडकीत उजेड. तसं मला अंधार असला काय, नसला काय, सारखंच. किल्लारीच्या भूकंपापासून मला झोप अशी लागतच न्हाई. दाराकडं डोकं करायचं, दाराची कडी काढून ठेवायची, आणि पडून राहायचं. तिथं पण मी गादी ओढत ओढत दारापाशी नेली. लहानपणापासून पुनम तसंच बघत आलीय.

भूकंप झाला तेव्हा ती दोन वर्षांची होती. किल्लारीजवळच आमचं गाव. त्या पहाटे ती रडायला लागली म्हणून तिला घेऊन मी अंगणात आले होते, म्हणून आम्ही दोघी वाचलो. जमीन गरजली आणि पुढची भिंत बसली. धुरळ्यातनं तिचे वडील, श्रीमंत, पळत बाहेर आले. आले होते हो, धडधाकट बाहेर आले होते. माझ्या खांद्याला हात लावला, पोरीकडं बघितलं, म्हणाले, "अव्वा आत हाय." आणि आईला काढायला परत आत गेले. मग उरलेलं सगळं घर बसलं. त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या हाडात भिनली. काहीही वाजलं, हाललं, की मोकळ्या जागेत जायचं. डोक्यावर काही नको, बाजूला भिंत नको.

पुनमच्या गावाचं खरं मला चारपाच दिवसांनी कळलं. पाण्याच्या कडेनं आम्ही फिरायला गेलो होतो. जागोजागी निळ्या पाट्या होत्या. पाटीवर मोठी लाट, आणि चढावर पळणारा माणूस.

"हे काय हाय?" मी विचारलं.

ती थांबली. मग पलीकडच्या डोंगराकडं बोट केलं. "तो डोंगर दिसतो ना, त्याला वर मोठी भेग पडलीय. दर वर्षी ती रुंद होतेय. एक दिवस ती बाजू खाली पाण्यात येणार. मग पाण्याची लाट उठून गावावर येणार. भेग किती सरकली ते रोज बघणं, हेच माझं काम आहे."

"कधी येणार?"

"सांगता येत नाही. कदाचित आपण मरून गेल्यावर. कदाचित पुढच्या वर्षी."

मग मी काय काय बोलले ते सगळं इथं सांगत न्हाई. एका भूकंपानं पोट भरलं न्हाई का तुझं, म्हणलं. बाप मातीखाली गेला, आता तू पाण्याखाली जा, म्हणलं. एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी का? तिकडं सर जागा धरून बसलेत, आणि ही बया भेगा मोजत बसलीय.

माझं झालं तेव्हा ती म्हणाली, "आई, तूच सांगतेस ना, आपल्याकडं आधी वर्षभर जमीन हालत होती. लोक बाहेर झोपत होते. मग कुणी साहेब आला, काही होत नाही म्हणाला, आणि सगळे घरात झोपायला गेले."

"मग?"

"मग इथं तो साहेब मी आहे. मी झोपा म्हणत नाही. डोंगर जास्त सरकला की मी सांगते, भोंगा वाजतो, लोक वर जातात. माझं ऑफिस ह्या बाजूला, उंचावरच आहे. मला काही होत नाही. आणि एकदा भोंगा झाला की वरनं खाली कुणी यायचं नाही. कुणासाठीच नाही. शाळेतल्या पोरांना हे मीच शिकवते."

दोन दिवस तिच्याशी बोलले न्हाई. भाकरी करायची, ताट पुढं सरकवायचं, खिडकीतनं त्या डोंगराकडं बघत बसायचं. त्या दोन दिवसांतच ती काहीतरी सांगत होती, भोंग्याची रंगीत तालीम हाय, आवाज झाला की शेजारच्या म्हातारीबरोबर वर ये, असं काहीबाही. कानावर पडलं, पण रागात माणूस ऐकतो कुठं.

भोंगा झाला तेव्हा मी पीठ मळत होते. पुढचं मी न्हाई केलं, माझ्या पायांनी केलं. पिठाच्या हातानं दार उघडलं आणि पळत सुटले. गुडघे दुखतात ते सुद्धा कळलं न्हाई. बोटी लागतात त्याच्या बाजूला पोरांचं खेळायचं मैदान हाय, ते मी पहिल्याच दिवशी हेरून ठेवलं होतं. कुठंही गेलं की मोकळी जागा आधी बघायची, ही माझी खोड. सगळं गाव घराबाहेर निघून वरच्या रस्त्याला लागलेलं. शेजारची म्हातारी हात करून करून मला वर बोलवत होती. मी म्हणलं, वेडी का काय ही, डोंगराच्या अंगावर कशापायी चालली? मी मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. डोक्यावर नुसतं आभाळ. समोर काळं पाणी. जवळ एक भिंत न्हाई. हुश्श झालं मला. वाचले, असं वाटलं.

भोंगा थांबला. गाव रिकामं झालं. मी एकटी.

मग वरच्या रस्त्यावरनं कुणीतरी खाली पळत येताना दिसलं. सगळे वर, आणि हे एकच माणूस खाली. निळं जाकीट. उजवा खांदा जरा पुढं टाकून पळत होतं. श्रीमंत असेच पळायचे. त्या पहाटे परत आत जाताना मी त्यांची पाठ बघितली होती, तोच खांदा तसाच पुढं. मी तिथंच गवतात बसले.

पुनम आली. तिला दम लागला होता, बोलता येईना. माझे पिठाचे हात तिनं धरले.

"आई, वर चल."

"खरंच डोंगर येतोय का?"

"नाही. तालीम आहे. वर सगळ्यांची मोजणी केली, तू नव्हतीस."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते. "तूच म्हणली होतीस ना, कुणासाठी खाली यायचं न्हाई म्हणून."

"हो."

"मग?"

"तू खाली होतीस," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि दुसरीकडं बघायला लागली.

आम्ही वर गेलो. मी चार पावलं टाकायची, थांबायची. ती माझ्यासाठी थांबायची. वर सगळं गाव उभं होतं, पोरंसोरं, म्हातारेकोतारे, कुत्री सुद्धा. म्हातारीनं मला कॉफी दिली. पुनम पुढं गेली आणि त्यांच्या भाषेत सगळ्यांना काहीतरी सांगितलं. मला शब्द कळला न्हाई, पण तिची मान खाली होती. शाळेतली पोरं तिच्याकडं टकामका बघत होती. आईमुळं मान खाली घातलेली माझी पोर मी पहिल्यांदा बघितली. मला लई वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त भीती वाटली. डोंगर काय, कधी यायचा तेव्हा येईल. पण तो आला त्या दिवशी मी खाली असले, तर ही खाली येणार. नियम असू दे न्हाईतर नसू दे, ही येणार. त्या सगळ्या गावात तिच्या जिवाला धोका होता तो माझाच.

संध्याकाळी भीमाशंकर सरांचा फोन आला. म्हणलं, सर, जागा दुसऱ्याला द्या. ते कारण विचारत होते. मी म्हणलं, पोर इथं कामाची हाय. आणि फोन ठेवला. लागलं का मनाला? लागलं. लातूरला परत एकटीनंच जायचं होतं, हे त्या एका फोनमध्ये पक्कं झालं.

पण जायला अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे बूट पायात घातले. ती म्हणाली, "कुठं निघालीस?"

"वर," मी म्हणलं.

दमछाक झाली. दोनदा दगडावर बसले, एकदा रडू आलं. अलीकडचा डोंगर पण मला अंगावर आल्यासारखाच वाटायचा, आणि त्याच्याकडंच तोंड करून चालायचं. तीस वर्षांचं शिकलेलं पायांना विसरायला लावायचं म्हणजे सोपं न्हाई. ती मागनं हात द्यायला आली, तो मी झटकला. तिसऱ्या दिवशी एकदाच बसले. मग मी रोज जायला लागले, ती ऑफिसात असली तरी, एकटीच.

एक दिवस न बसता वर पोचले. तिच्या ऑफिसच्या खिडकीवर टकटक केली. तिनं खिडकी उघडली.

"हे बघ," मी धापा टाकत म्हणलं, "भोंगा झाला की मी इथं असणार. तू खाली बघायचं सुद्धा न्हाई. कळलं का?"

तिनं मान हलवली. मग दार उघडून बाहेर आली आणि माझ्या खांद्याला हात लावून उभी राहिली. आणि परत आत गेली, कामाला.