सगुणेमागची रांग

"धरून ठेवा काकू, मान हलू देऊ नका." डॉक्टर तन्वीने हंसिणीची चोच उघडून आत बॅटरी मारली.

सुधाताईंनी सगुणेला छातीशी घट्ट धरलं. टिक्, टिक्. पिसांखालून तो आवाज त्यांच्या बरगड्यांत शिरत होता, गळ्यात कुणी वाळू घोळवावी तसा. हीच सगुणा एके काळी हाकेला अशी ओरडायची की वरातीचा बँड फिका पडावा.

"नाकात किडे झालेत. माइट्स. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे. आता श्वासनळीत उतरलेत."

"किडे? अगं, रोज ताजं पाणी भरते मी!"

"तुम्हाला कुठे नावं ठेवतेय? थंडीत रानबदकं उतरतात ना तळ्यावर, त्यांच्याकडून आले असतील. पण एकीचं सगळ्यांना झालं कसं? एकत्र कोंडता का यांना?"

सुधाताईंची नजर कोठीच्या खिडकीकडे गेली.

सिटी सेंटरच्या मागचं हे मॅरिज गार्डन. सुधाताईंचे यजमान मल्हारराव इथले माळी होते. ते गेल्यावर मालकांनी सुधाताईंना काढलं नाही. हंस सांभाळा आणि मागच्या कोठीत राहा, म्हणाले. माहेर मिटलेलं, सासर मिटलेलं. हंस होते म्हणून डोक्यावर छप्पर होतं. वरमालेच्या वेळी हल्ली फोटोसाठी धूर सोडतात. त्या धुराने पाखरं शिंकतात असं सुधाताईंना वाटलं. मग दर लग्नाला त्या सगळा थवा आपल्या कोठीत घेत आणि खिडकीत जुन्या लुगड्यांचे बोळे ठासत. धुरापासून वाचवायला म्हणून त्यांनी लेकरांना एकमेकांच्या श्वासात कोंडलं होतं.

तन्वीने सगळ्यांच्या मानेवर पिसं बाजूला करून औषधाचे थेंब सोडले. "पंधरा दिवसांनी परत येते. बाकीचे निभावतील. हिचं मात्र सांगवत नाही, काकू. मोकळी हवा द्या. काही झालं तरी बंद नका करू."

तन्वीची स्कूटर फाटकाबाहेर पडते न पडते, तोच मॅनेजर तरुण धावत आला. इकडची लग्नं रात्रीची. आज मराठी लग्न, म्हणून दिवसाचं, मुहूर्त दुपारचा.

"ताई, सबको अंदर करो. लड़कीवाले पूछ रहे हैं, ये छींक क्यों रहे हैं."

"भैया, डॉक्टरीण नको म्हणाली. हवा चाहिए इनको."

"तो गाड़ी मँगवाके भिजवा दूँ सबको? फिर आप इस कोठी में किसको पालोगी?" बोलून गेल्यावर तो स्वतःच ओशाळला. "मेरी भी नौकरी है, ताई. शाम तक की बात है. तालाब में थर्माकोल के छोड़ दिए हैं, फोटो में सब चलता है."

सुधाताईंनी तळ्याकडे पाहिलं. पांढरे, गुळगुळीत हंस जागच्या जागी गोल फिरत होते. त्यांना श्वास घ्यावा लागत नव्हता.

त्यांनी हाक घातली:

"या गं या, पांढऱ्या बाया,
तळ्याचं पाणी लागलंय गाया..."

सगुणेने चोच उघडली. आवाज आला नाही. पण ती निघाली, आणि तिच्यामागे नेहमीसारखी रांग लागली, थेट कोठीच्या दारात.

"मीही आत बसते," सुधाताई म्हणाल्या. "एकटे घाबरतील."

बाहेरून कडी लागली.

आत अंधार दाटला. शिंका, घरघर, टिकटिक. सगुणा मान लांब करून हवा गिळायला लागली. सुधाताई ट्रंकेवर चढल्या, खिडकीतल्या बोळ्याला हात घातला आणि थांबल्या. धुराचं यंत्र खिडकीला लागूनच होतं. बोळा काढावा तर धूर, ठेवावा तर ही कोंडी. बाहेर माईकवर मंगलाष्टकं चालली होती. कुणी बाई खड्या आवाजात गात होती आणि एका कडव्यावर अडली, तशी पाहुण्यांत हशा पिकला.

"दार उघडा हो! तरुणभैया!"

उत्तराला ताशा वाजला.

त्यांनी बोळे ओढून फेकले. आधी ऊन आलं, पट्टीभर. मग गोडूस वासाचा पांढरा धूर लोटला. सुधाताईंनी पदर कळशीत बुडवला, सगुणेच्या चोचीवर धरला, तिला मांडीवर घेतलं.

"एवढा निघून जाऊ दे गं बाई. मग हवा येईल."

धूर विरला. खिडकीतून हवा आलीही, गार, तळ्यावरून आलेली. टिकटिक तेवढी थांबली होती. सगुणेची मान त्यांच्या मनगटावरून ओघळून खाली आली.

दिवस कलताना कडी निघाली. "हो गया ताई, निकालो सबको," तरुण म्हणाला. त्यांच्या पदरात काय आहे ते दिसलं, तसा तो बाजूला झाला.

हंस उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. माना वळवून वळवून कुणाला तरी शोधू लागले. दार सताड उघडं होतं, पण एक पाऊल बाहेर पडेना.

सुधाताईंनी पदराची झोळी सावरली आणि त्या पुढे झाल्या. पाठीमागे पायांचा फताफत आवाज सुरू झाला. तळ्याकडे न वळता त्या सरळ समोरच्या हिरवळीवर गेल्या, जिथे पाखरांना मज्जाव होता आणि वारा सर्वांत मोकळा होता.

"ताई, उधर नहीं! कालीन बिछा है!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. रांग तुटेल म्हणून.