मी गळती नाही

मी बोलतोय, पण अगदी हळू. माझ्या तळाला त्रेसष्ट बारीक छिद्रं आहेत आणि त्यांतली बासष्ट मेणाने बुजवलेली आहेत. उरलेल्या एका छिद्रातून जेवढं बाहेर पडेल तेवढंच माझं बोलणं.

देऊळगाव राजात सत्यभामाबाईंच्या देवघरात मी टांगलेला आहे. माझ्या गळ्याभोवती तांब्याची तार आहे आणि खाली काळ्या दगडाची पिंड. रोज सकाळी सत्यभामाबाई माझ्यात पाणी ओततात. ते थेंब थेंब पिंडीवर पडतं. आलेगेले हात जोडतात आणि म्हणतात, "काय सुंदर गळती आहे हो!"

गळती म्हणजे महादेवावर अभिषेकासाठी टांगतात ते भांडं. मी ते नाही. मी कॉफीचा पितळी फिल्टर आहे. आधी मला सगळे 'तो' म्हणायचे. गळती झाल्यापासून 'ती' म्हणतात. दोन वर्षं झाली, मी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लावून जगतोय.

माझा जन्म दूर कुंभकोणमचा. तिथल्या कारागिराने मला तीन भागांत घडवलं. वरचं भांडं म्हणजे मी, छिद्रांचा. माझ्याखाली बसणारं तसंच दुसरं भांडं, त्यात कॉफीचा काढा जमतो. आणि पूड दाबायला एक जाळीची चकती, मध्ये उभी दांडी असलेली. तिला छत्री म्हणतात. आम्ही तिघं मिळून एक. एकट्याने कुणालाच काही करता येत नाही.

तिथून मी म्हैसूरच्या बाजारात आलो आणि माणिकरावांच्या हाती लागलो. माणिकराव मूळचे डोणगावचे. तरुणपणी कामाच्या शोधात म्हैसूरला गेले आणि कॉफी भाजणाऱ्या एका दुकानात कायमचे राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला घरी आणलं आणि बायकोपुढे ठेवलं. तिचं नाव अन्नपूर्णा.

अन्नपूर्णाबाईंच्या हातात मी सुखात होतो. त्या ताजी दळलेली पूड माझ्यात घालायच्या, छत्रीने हलकेच दाबायच्या. जोर लावला तर पाणी उतरत नाही, सैल सोडली तर भसकन निघून जातं आणि काढा पाणचट होतो. पाण्याला उकळी आली की ते चुलीवरून उतरवून क्षणभर थांबायच्या. मग गोल गोल ओतायच्या आणि झाकण ठेवून दुसऱ्या कामाला लागायच्या. छोटी अर्पिता मात्र माझ्यापाशीच बसून राहायची.

"माय, झाली का वं?"

"घाई करू नको. तिले पडू दे. घाई केली का कॉफी रुसते."

माणिकराव दुकानातून आले की लेकीची परीक्षा घ्यायचे. दोन पेले समोर ठेवायचे, दूध साखर काही नाही. "सांग, याच्यातली जळालेली कोणती?"

"बाबा, कडू तर दोन्ही आहेत."

"कडू राहू दे. कडू गेल्यावर मागं काय राह्यते ते पाह्य. घशात खरखर राह्यली त जळाली. आंबट चिरका राह्यला त कच्ची भाजली. अन् गोड काही राह्यलं त समज का भाजणाऱ्याचा हात बरोबर होता."

अर्पिता दहा वर्षांची होईपर्यंत तिला घोटागणिक सांगता यायला लागलं. पुडीत चिकोरी, म्हणजे भेसळीला घालतात ती भाजलेल्या मुळांची पूड, जास्त असली की रंग गडद येतो पण वास मागे पडतो, हे तिने एकदा दुकानाच्या मालकालाच ऐकवलं होतं. चांगली कॉफी थंड झाल्यावरही चांगलीच लागते, वाईट असेल तर थंड झाल्यावर तिचं बिंग फुटतं, हेही तिचंच म्हणणं.

अर्पिता दहावीत असताना अन्नपूर्णाबाई तापाने गेल्या. तेरावं झाल्यावर दुसऱ्या सकाळी अर्पिताने मला फळीवरून काढलं आणि बाबांसाठी कॉफी केली. माणिकरावांनी पेला तळापर्यंत संपवला. मग म्हणाले, "तुह्या मायसारखीच झाली." तेव्हापासून मी अर्पिताचा झालो. दर रविवारी माणिकराव बारीक सुईने माझं एकेक छिद्र साफ करायचे.

डोणगावच्या नातेवाइकांनी देऊळगाव राजाचं स्थळ आणलं. हर्षल नाव. शेतात शेडनेटखाली मिरचीचं बियाणं घेतो, स्वभावाने सरळ. लग्न ठरलं. अर्पिताने मला स्वतःच्या हाताने साडीत गुंडाळलं. लग्नाच्या गडबडीत माझं झाकण म्हैसूरलाच राहून गेलं. पुढे जे सगळं झालं ते कदाचित त्या झाकणामुळे. झाकण असतं तर मी भांडं दिसलो असतो.

नव्या सुनेचं सामान उघडताना गल्लीतल्या चार-पाच बायका जमल्या होत्या. सत्यभामाबाईंनी साडीची घडी सोडली, मला उचललं, उजेडाकडे धरलं आणि माझ्या तळाची छिद्रं बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांची जुनी तांब्याची गळती फुटून बरेच दिवस झाले होते. त्या बिचाऱ्या पाण्याच्या बाटलीला भोक पाडून पिंडीवर टांगत होत्या आणि कुणी आलं की तिच्यावर फडकं टाकत होत्या.

"माय वं! इवायानं माह्यासाठी गळती धाडली! त्याइले कोणं सांगतलं व्हतं?"

व्याह्यांनी धाडलेली भेट बघायला सगळ्या बायका पुढे सरकल्या. कुणी हळद लावली, कुणी कुंकू. अर्पिताने तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. पण सासूचा तो चेहरा बघून तिने ते मिटलं. चार बायकांत त्यांना खोटं कसं पाडणार? नंतर सांगू, असं तिला वाटलं असणार. नंतर सांगायच्या गोष्टी अशाच राहतात.

एवढ्या छिद्रांतून पाणी धो धो पडायला लागलं, म्हणून सत्यभामाबाईंनी मेण वितळवून एकेक छिद्र बुजवलं. मधलं एक ठेवलं. खालच्या भांड्यात अक्षता ठेवल्या. छत्री उलटी करून तिच्या जाळीत उदबत्त्या खोचल्या. आम्ही तिघं एकाच देवघरात, हातभर अंतरावर, एकमेकांना बघतो आणि भेटू शकत नाही.

या घरात कॉफी नाही असं नाही. पाकिटातली पूड दुधात टाकून, जायफळ घालून उकळतात. पण ती आजाऱ्याला द्यायची. अर्पिताने पहिल्यांदा करून घेतली तेव्हा सत्यभामाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला.

"काऊन वं, बरं नाही वाटून राह्यलं का तुले?"

"नाही आत्याबाई, सहज." सासूला ती आत्याबाई म्हणते.

"सहज कोणी कॉफी पेते का? जा, पड जराशीक."

दुसऱ्यांदा केली तर त्यांनी हर्षलला डॉक्टरला बोलवायला पाठवलं. मग अर्पिताने ती करणंच सोडलं. सगळ्यांबरोबर चहा घ्यायला लागली. देवघर झाडायला येते तेव्हा मात्र ती माझ्याखाली बोट धरते. एक थेंब पडेपर्यंत थांबते आणि निघून जाते.

तरीही मी सत्यभामाबाईंवर रागावू शकत नाही. अर्पिताला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. बाळ जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. त्या दिवसांत सत्यभामाबाई माझ्यासमोर बसून राहायच्या. त्यांनी नवस केला, "महादेवा, लेकरू वर्साचं होऊ दे. तवर ह्या गळतीचा थेंब तुटू देनार नाही, अन् भांडं बी बदलनार नाही." खरं सांगतो, त्या दिवसांत मी कॉफी विसरलो. माझं ते एक छिद्र कचऱ्याने अडू नये, एवढीच धास्ती होती. बाळ घरी आलं. आता मांडीवरून खाली उतरायला बघतं.

यंदा भादव्यात माणिकरावांचा फोन आला. काम सोडून ते कायमचे डोणगावला परत येत होते, वाटेत लेकीकडे उतरणार होते. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे, आणि बाळ झाल्यावर दुकानातून सुटता न आल्याने, ते आजवर आलेच नव्हते.

"पोरी, आता येतो. बाकी काही करू नको. तुह्या मायच्या फिल्टरातली कॉफी पाज. पहिला घोट तोच घेईन."

अर्पिताने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने हर्षलला सगळं सांगितलं.

"दोन वर्सं गप राह्यली अन् आता सांगून राह्यली?" हर्षलने डोक्याला हात लावला. "आईले समजलं त काय वाटंन? मी जालन्याहून स्टीलचा आणतो. तुह्या बाबाले कुठी समजते!"

"त्यांना नाही समजणार?" एवढंच ती म्हणाली.

स्टीलचा फिल्टर आला. माणिकरावही आले, पिशवीत स्वतः भाजलेली पूड घेऊन. केस पार पांढरे झाले होते. त्यांनी हातपाय धुतले. स्वयंपाकघरात अर्पिता काढा उतरायची वाट बघत होती, तेवढ्यात सत्यभामाबाई त्यांना हौसेने देवघरात घेऊन आल्या.

"या इवाई, पाया पडा. अन् पाहा तुमची गळती. थेंब कसा पडते, घड्याळावानी!"

माणिकराव माझ्याकडे बघत राहिले. मग हात वर करून त्यांनी माझा तळ बोटांनी चाचपला.

"बासष्ट बुजवली," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"हात लावल्याबरोबर मोजली का तुमी?"

"मोजायची काय गरज, इहीणबाई. दर ऐतवारी सुईनं साफ करत होतो."

सत्यभामाबाई थबकल्या. "गळतीले सुई? इवाई, गळतीले भोक लागते एक. हे बाकीचे कशाले पाडले, हे मले दोन वर्सांपासून समजून नाही राह्यलं."

"ते... पाणी चांगलं पडावं म्हणून," माणिकराव म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

अर्पिता दारात आली होती, कडेवर बाळ. "आत्याबाई, ती गळती नाही. कॉफीचा फिल्टर आहे. माझ्या मायचा."

सत्यभामाबाई खाली बसल्या. "कॉफीचा? माह्या महादेवाच्या डोक्यावर?"

"हो."

"अन् हे उदबत्तीचं घर?"

"ती छत्री. पूड दाबायची."

"अन् अक्षतांचं?"

"त्याच्यात काढा जमतो."

हर्षलला हसू आवरेना. "तू हासू नको रे!" त्या ओरडल्या. मग अर्पिताकडे वळल्या. "दोन वर्सं मनातल्या मनात हासत असशीन मले."

"नाही हो. तुम्ही इतक्या खूश झाल्या होत्या..."

"खूश झाली म्हणून सांगाचं नाही? मी का खाऊन टाकलं असतं तुले?" त्यांचा आवाज खाली आला. "मायचं भांडं व्हतं. रोज दिसत व्हतं तुले. रोज."

त्या उठल्या आणि त्यांनी तारेला हात घातला. तार सैल झाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझा गळा मोकळा झाला. आणि अर्पिताने त्यांचा हात धरला.

"नको, आत्याबाई. बाळाचा नवस आहे. अजून तीन महिने."

"अन् तुह्या मायचं भांडं असंच टांगून ठेवू?"

"नको म्हणते ना."

तिनेच ती तार पुन्हा आवळली. मला सोडवतील असं ज्या हातांबद्दल वाटलं होतं, ते हेच हात. दोष देऊ का तिला? नाही देत.

माणिकराव पुढे झाले. माझ्याखाली तळहात धरून उभे राहिले. पाच-सहा थेंब जमायला बराच वेळ लागला. तोच पहिला घोट म्हणून ते पाणी त्यांनी पिऊन टाकलं.

"कसं लागलं?" सत्यभामाबाईंनी भीत भीत विचारलं.

"पाणी आहे, इहीणबाई. कॉफी नाही."

सगळे हसले. माणिकरावांनी उपरण्याने डोळे पुसले.

मग स्टीलच्या फिल्टरातली कॉफी आली. सत्यभामाबाईंनी पहिल्यांदाच पेला हातात घेतला. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे वं!"

"गिळा. आता बोलू नका, थांबा जरासं," माणिकराव म्हणाले.

थेंबाची वाट बघत बसण्याची त्यांना सवय होतीच. त्या थांबल्या. "गेलं कडू. काकवीसारखं काहीतरी मागं राह्यलं."

"आमच्या दुकानात मालकाच्या पोराले हे समजाले चार वर्सं लागले," माणिकराव म्हणाले. तेव्हापासून सत्यभामाबाई रोज दुपारी सुनेबरोबर पेलाभर घेतात आणि कुणाच्या कपाळाला हात लावत नाहीत.

मी अजून इथेच आहे. मार्गशीर्षात बाळ वर्षाचं होईल, तेव्हा मला उतरवतील असं म्हणतात. पण मला भीती वाटते. माझी आतली कल्हई गेली आहे, तळाला हिरवट डाग धरले आहेत. मेण निघेल का, छिद्रं पुन्हा उघडतील का, मला ठाऊक नाही. स्वयंपाकघरात स्टीलचा तो नवा आहे, आणि लोकांना नव्याची सवय लवकर होते. बाळासाठी एकेक थेंब सोडताना मी दिवस मोजतो आणि त्याची मला लाजही वाटते.

तुम्हाला एकच विनंती. घरात नवी सून आली आणि तिच्या सामानात एखादं अनोळखी भांडं निघालं, तर त्याला लगेच नाव देऊ नका. आधी तिला विचारा, "हे कशाचं आहे वं?" आणि ती सांगेपर्यंत थांबा. मग खुशाल हवं तिथे टांगा.