डिकीतली वाकलेली तार

वैजयंतीबाईंचा फोन आला तेव्हा मुस्तफा तुर्भ्यातल्या आपल्या दुकानासमोर एका टेम्पोत, डॅशबोर्डखाली उताणा पडून जळकी वायर शोधत होता. फोन स्पीकरवर टाकून त्याने छातीवर ठेवला.

"मुस्तफाभाई, तुम्ही बसवलेला तो सीडीचा चेंजर छान वाजतो हो. पण गाडी उन्हात राहिली की गाणं मधेच तुटतं. मग रेडिओसुद्धा लागत नाही. जरा वेळाने आपोआप सगळं सुरू होतं."

"शनिवारी घेऊन या बाई. बघून घेतो. टेन्शन नका घेऊ."

"बरं. आता सईला घेऊन बाजारात जाऊन येते. शनिवारी येईन."

फोन बंद झाला. मुस्तफाने पुन्हा वायरीत हात घातला.

वैजयंतीबाईंनी त्याच्या मुलीला, बतूलला, शाळेत गणित शिकवलं होतं. आता त्या निवृत्त होऊन नेरूळच्या एका सोसायटीत मुलगा पार्थ आणि चार वर्षांची नात सई यांच्याबरोबर राहत. गेल्या आठवड्यात त्या आपली जुनी जर्मन गाडी घेऊन दुकानात आल्या होत्या. सोबत सई, आणि बुटांच्या खोक्यात सत्तरेक सीड्या. त्यांचे यजमान श्यामसुंदरराव घरगुती बैठकांना जाऊन स्वतः गाणं रेकॉर्ड करायचे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली होती. घरातला प्लेअर बिघडला, आणि बाईंच्या मनात आलं की गाडीत तरी हे ऐकावं. डिकीत सहा सीड्या एकामागून एक वाजवणाऱ्या चेंजरसाठी जागा मुळातच होती. मुस्तफाने भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीचा चेंजर मिळवला.

काम नाजूक होतं. या गाडीत आवाज तांब्याच्या तारेतून जात नाही. प्लास्टिकच्या आरपार दिसणाऱ्या बारीक तारेतून तो उजेड होऊन धावतो. रेडिओ, फोन, अ‍ॅम्प्लिफायर असे सगळे डबे एकाच गोलात जोडलेले, उजेड एकातून दुसऱ्यात जातो आणि फिरून पहिल्याकडे येतो. चेंजर घालायचा म्हणजे तो गोल सोडवून त्यात आणखी एक डबा बसवायचा. आणि ती तार कटिंग चहाच्या ग्लासाच्या तोंडाहून लहान वळणात वाकवायची नाही, नाहीतर उजेड वळणावरच गळून जातो. मुस्तफाला हे पाठ होतं. पण त्या दिवशी नवी तार वीतभर कमी पडली. बाई दोन तास बाहेर स्टुलावर बसून होत्या. दुसरी तार ग्रँट रोडहून आणायची म्हणजे एक दिवस गेला असता. त्याने तार बिजागरीमागून ओढली, कोपऱ्यात दुमडली आणि नायलॉनच्या पट्टीने आवळून टाकली. गाणं लागलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्याने घाईघाईने वर पॅनेल चढवलं.

आता टेम्पोत पडल्या पडल्या त्याचा हात थांबला. रेडिओसुद्धा लागत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणजे गोलच तुटत होता. उन्हाने तापून त्या दुमडीत उजेड मरत होता. आणि गोल तुटला की गाडीतलं सगळंच मुकं होतं.

सगळंच. रिव्हर्सचा आवाजही.

या गाडीत रिव्हर्सला वेगळा बझर नाही. मागचे सेन्सर बंपरजवळ काही आलं की टीं-टीं करतात, पण ते त्याच स्पीकरमधून, त्याच तारेवरून. आणि बाई स्टुलावर बसून काय म्हणाल्या होत्या? मणक्याच्या ऑपरेशननंतर माझी मान वळत नाही मुस्तफाभाई, पार्थ म्हणतो गाडी सोड, पण तो आवाज आहे ना, त्याच्या भरवशावर मी मागे घेते.

तो धडपडत बाहेर आला, कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. बाईंचा फोन पर्समध्ये असणार, पर्स खांद्याला, सई हाताला. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. शेजारच्या टायरवाल्याला दुकानाकडे बघायला सांगून त्याने स्कूटर काढली.

तुर्भ्याच्या नाक्यावर ट्रकांची रांग हलत नव्हती. तो दोन ट्रकांच्या मधून घुसला, एका क्लीनरने शिवी हासडली, ती त्याला अर्धीच ऐकू आली. दुपारचे साडेतीन झाले होते. गाडी दिवसभर उन्हात तापली असणार. सानपाड्याच्या सिग्नलला त्याने पुन्हा फोन लावला. रिंग, रिंग, मग फोन कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई इंग्रजीत बोलली. समोर आकडे उलटे मोजत होते, बावन्न, एक्कावन्न. त्याला सई दिसत होती. त्या दिवशी दुकानात तिने त्याच्या डब्यातले स्क्रू रंगाप्रमाणे लावून ठेवले होते. "या अल्लाह," तो हेल्मेटच्या आत पुटपुटला, "तेवढं नको."

सोसायटीच्या गेटवर वॉचमनची खुर्ची रिकामी होती. रजिस्टर उघडं, त्यावर पेन आडवं. मुस्तफाने स्कूटर तशीच सोडली आणि धावला.

आतल्या पार्किंगमध्ये सात-आठ माणसं गोळा झाली होती. त्यांच्यामधून त्याला गाडी दिसली, तिरकी, मागचा भाग खांबाला जवळजवळ टेकलेला. मागच्या चाकाखाली लहान मुलीची गुलाबी तीन चाकी सायकल चेपून सपाट झाली होती. बाजूला इवलीशी एक चप्पल.

मुस्तफा जागीच थांबला. कुणी रडत नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं. त्याला पुढे जायचं नव्हतं. पुढे गेलं की बघावं लागणार होतं.

"माझी सायकल," खांबाआडून आवाज आला.

बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि सई त्यांच्या मांडीवर होती, धडधाकट, एका पायात चप्पल नसलेली. बाईंचे दोन्ही हात तिच्या पोटाभोवती आवळलेले होते. वॉचमन गोटीराम जो येईल त्याला सांगत होता, "बाजारातनं आल्यावर बाई गाडी लावत होत्या, पोरगी मागं सायकलवर. ती उतरून माझ्याकडं आली, पानी पायजे म्हनली. तेवढ्यात गाडी मागं आली बगा. अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटाचा फरक."

पार्थ घरच्या चपलांवर खाली धावत आला होता. "आई, बास आता. किल्ली दे."

बाईंनी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "मला आवाज आलाच नाही रे," त्या म्हणाल्या. "की आला आणि मला कळलाच नाही? मान गेली, आता कानही गेले."

"वय झालं की होतं असं," एक शेजारीण हळूच म्हणाली.

मुस्तफा गर्दीच्या मागे उभा होता. तो इथे का आला, हे कुणी विचारलं नव्हतं. कुणाचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. आत्ता मागे वळलं तर स्कूटर गेटवरच होती. बाई गाडी सोडतील, पार्थ ती विकून टाकेल, ती दुमड कुणाला कधीच दिसणार नाही. आणि बोललं तर? पोलीस, सोसायटीचा ग्रुप, दुकानाचं नाव. त्याने बाईंच्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला. तो गर्दीतून पुढे आला. "बाई, तुमचे कान बरोबर हायेत. आवाज झालाच नव्हता. मी तार चुकीची वाकवली. गाणं बंद पडतं तेव्हा रिव्हर्सचा आवाजपण बंद पडतो. तुमी फोन केला तेव्हाच माझ्या डोक्यात यायला पायजे होतं."

पार्थने त्याची कॉलर धरली. शर्टचं बटण तुटून खाली पडलं. "माझी मुलगी होती तिथे! कळतंय का तुला?"

"कळतंय," मुस्तफा म्हणाला. त्याने हात वर केले नाहीत.

"पार्थ, सोड त्यांना." बाई उठल्या होत्या. सईला त्यांनी शेजारणीकडे दिलं. "डिकी उघडा मुस्तफाभाई. मला दाखवा."

त्याने पॅनेल काढलं. पट्टी कापताना कटर दोनदा निसटला. तार बाहेर आली, तेव्हा दुमडीच्या जागी नखाने दाबल्यासारखी पांढरी रेघ उठलेली होती. त्याने टोक बाईंसमोर धरलं. आत लाल ठिपका होता, विझत आलेल्या उदबत्तीएवढा. मग त्याने गाडीची मूळ तार धरली. तिचा ठिपका लख्ख होता. बाईंनी दोन्ही नीट पाहिले.

चेंजर काढून मूळ जोड परत बसवायला वीस मिनिटं लागली. रेडिओ बोलू लागला.

"आवाज येतो का ते बघायला आता हा मुस्तफा मागे बसेल," पार्थ म्हणाला. "सईच्या उंचीएवढा, खाली. आणि मी गाडी मागे घेतो."

"माणसाऐवजी बादली ठेवू की साहेब," गोटीराम म्हणाला.

"गाडी मी घेणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. शेवटी पार्थने किल्ली दिली.

बाईंनी गाडी चार हात पुढे नेली. गोटीरामने सायकल ओढून बाजूला केली. मुस्तफा खांबाला पाठ लावून उकिडवा बसला. बाईंनी रिव्हर्स टाकला. सायलेन्सरची गरम वाफ तोंडावर आली. मागचे पांढरे दिवे लागले आणि बंपर त्याच्या छातीच्या उंचीवरून सावकाश त्याच्याकडे येऊ लागला. पहिले दोन हात काहीच वाजलं नाही. मुस्तफाने डोळे मिटले. जोड नीट बसला होता का? खटका ऐकू आला होता का? त्याला आठवेना.

टीं. उघड्या खिडकीतून आवाज आला. टीं, टीं. मग जलद, मग अखंड एकच सूर. आणि गाडी थांबली.

त्याच्या गुडघ्यांत आणि बंपरमध्ये एक वीत अंतर होतं. गोटीरामने बगलेत हात घालून त्याला उठवलं.

बाई उतरून त्याच्यासमोर आल्या. "घरी जा मुस्तफाभाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत, ते लक्षात ठेवीन. पण आज मला तुमच्याशी बोलवत नाही."

घरी बायकोने, खदीजाने, ताट वाढलं, ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने नेरूळला नवी सायकल नेऊन गोटीरामकडे दिली. संध्याकाळी पार्थने ती रिक्षाने दुकानात परत पाठवली.

शनिवारी बाई आल्या नाहीत, त्यापुढच्या शनिवारीही नाही. महिन्याभराने नेरूळच्या सिग्नलला त्याला ती गाडी दिसली. बाईच चालवत होत्या, मागच्या सीटवर सई पट्टा बांधून बसली होती. मुस्तफाने स्कूटर ट्रकाच्या आड घेतली आणि सिग्नल सुटून गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच थांबला.