खाली ठेवलेला मोडेम

मित्रांनो, मला ओळखलंत का? टेलिफोनच्या शेजारी बसून हिरवे दिवे मिचकावणारा मी एक जुना मोडेम. जुना म्हणजे किती, असं विचाराल, तर तुमच्या घरातला पाटा-वरवंटा माझा पणजोबा शोभेल. पण आम्हा यंत्रांचं वय निराळं मोजतात. जयपूरचे तीन-चार उन्हाळे काढले की आमचे केस पिकलेच म्हणून समजा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे चाचणीच्या टेबलावर माझे दिवे पहिल्यांदा लागले, कुणीतरी माझ्या पोटावर ‘पास’ची चिठ्ठी चिकटवली आणि मला खोक्यात झोपवलं. जन्मल्या जन्मल्या परीक्षा पास झालेला विद्यार्थी तुम्ही दुसरा पाहिला नसेल. पुढच्या परीक्षा मात्र इतक्या सोप्या गेल्या नाहीत.

माझं काम सांगायला सोपं आहे. टेलिफोनच्या तारेतून बाहेरचा निरोप येतो, तो मी संगणकाला समजेल असा करून देतो. संगणकाचं म्हणणं तारेला समजेल असं करून बाहेर पाठवतो. थोडक्यात, मी दुभाषा. नावात मोडणं असलं तरी काम जोडायचं, आणि एकदा हेच नाव खरं व्हायची वेळ माझ्यावर आली होती. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

दोन हजार आठ साली मी जयपूरच्या रेल्वे कॉलनीत गायकवाडांच्या घरी आलो. प्रबुद्ध गायकवाड रेल्वेच्या लेखा कार्यालयात होते आणि बदली होऊन सोलापूरहून इकडे आले होते. बरोबर पत्नी सुलोचना आणि मुलगी प्रियंका. प्रियंका सीतापुऱ्याच्या कॉलेजात जायची. तिलाही इंटरनेट हवंच होतं, पण घरात मला आणलं ते सुलोचनाबाईंच्या हट्टाने.

त्याचं कारण इंदू. इंदू म्हणजे सुलोचनाबाईंची धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. सोलापुरात ती थोरल्या भावाच्या, कोंडिबादादांच्या घरी राहायची आणि शिवणकाम करायची. शाळा अर्धवट सुटल्यामुळे तिला पत्र वाचता येत नव्हतं. पण लहानपणी या दोघी बहिणींनी आपली आपण हातांची एक भाषा बनवली होती. मिशीला पीळ दिला की दादा, गळ्यावर बोट टेकवलं की खोकला, गळ्याभोवती बोट फिरवलं की लग्न. घरातल्या बाकीच्यांना त्यातलं थोडंफार कळायचं, सुलोचनाबाईंना सगळं कळायचं. जयपूरला आल्यावर ही भाषाच बंद पडली. टेलिफोन इंदूच्या काय कामाचा? म्हणून हा कॅमेरा, हा संगणक आणि हा मी. इंदू तिच्या घराजवळच्या नेट कॅफेत बसायची आणि दोघी बहिणी पडद्यावर हात हलवून पोटभर बोलायच्या.

मला बसवायला द्वारकाजी आले होते. टेलिफोन खात्याचे लाइनमन, तोंडात सदा बडीशेप. त्यांनी मला टेबलावर टेलिफोनशेजारी मांडलं, तारेला खरखर अडवणारी फिल्टरची छोटी डबी लावली आणि निघताना दारातून बजावलं, “आजू-बाजू कुछ नहीं, भाभीजी. खाली रखना. बहुत गरम होता है ये.”

मित्रांनो, आता जरा लक्ष द्या. सुलोचनाबाईंना जयपुरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. भाजीवाल्याशी त्यांचं हिंदी चालायचं, पण कान अजून सोलापूरचाच होता. आजूबाजूला ठेवायचं नाही, खाली ठेवायचं, असा त्यांनी अर्थ लावला. शिवाय गरम होतं म्हणजे गार फरशीवर ठेवायला हवं, हे त्यांना पटलंसुद्धा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उचलून टेबलाखाली, सीपीयूच्या मागे फरशीवर ठेवलं.

तिथवर तार पोचेना. मग प्रबुद्धराव पुढे सरसावले. पेटीतली एक जुनी टेलिफोनची वायर त्यांनी काढली, दोन्ही टोकं सोलून माझ्या तारेला पीळ दिला आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. या गडबडीत फिल्टरची डबी बाजूलाच राहिली. “झालं की नाही काम? उगाच माणूस कशाला बोलवायचा?” असं म्हणून त्यांनी हात झटकले. माझे दिवे लागले, म्हणजे काम झालं, असा त्यांचा समज.

पण माझी काय अवस्था होती, ती मलाच ठाऊक. सीपीयूचा पंखा सगळी गरम हवा माझ्या तोंडावर सोडायचा. वैशाखातल्या आंधीची धूळ दाराच्या फटीतून येऊन थेट माझ्या अंगावर बसायची. त्या पीळ दिलेल्या जोडातून निरोप निम्मे पोचायचे, निम्मे गळायचे, आणि गळलेले मला पुन्हा पुन्हा मागवावे लागायचे. त्यात कुणी टेलिफोन उचलला की माझ्या कानात खरखर. काम मी करत होतो, पण रखडत. पडद्यावर चित्र थिजायचं आणि शिव्या मला बसायच्या.

घरात प्रत्येकाने आपापला उपाय करून पाहिला. प्रियंकाने संगणकातले नको ते कार्यक्रम काढून टाकले. प्रबुद्धराव मला बंद करून पुन्हा चालू करायचे, आणि तेवढ्यापुरता मी तरतरीत व्हायचो. एकदा तर त्यांनी संगणकालाच हार घालायचं बाकी ठेवलं होतं. टेबलाखाली वाकून मात्र कुणीच पाहिलं नाही. शेवटी प्रियंकाने टेलिफोन खात्यात तक्रार नोंदवली.

त्याच सुमारास सोलापूरहून कोंडिबादादांचा फोन आला. “जयभीम, सुलू. इंदूसाठी स्थळ आलंय. राजन म्हणून मुलगा आहे, पॉवरलूमवर काम करतो. मला तर पसंत आहे, इंदूलाही असावा.”

“असावा म्हणजे?” सुलोचनाबाईंनी विचारलं. “तू विचारलंस का तिला?”

“विचारलं की! मान हलवली तिनं.”

सुलोचनाबाईंना ते काही पटेना. दादा म्हणजे घाईचा माणूस, बहिणीला कुठेतरी उजवून मोकळा होऊ पाहतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. इंदूला ऐकू येत नाही म्हणून तिच्या वतीने दुसऱ्याने हो म्हणायचं, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. तिच्या तोंडून, म्हणजे तिच्या हातांतून, स्वतः ऐकल्याशिवाय हे लग्न होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणी पडद्यासमोर बसल्या. लाइन केव्हाही तुटायची, म्हणून सुलोचनाबाई घाईत होत्या. त्यांनी आधी गळ्यावर बोट टेकवून विचारलं, खोकला आहे का अजून? चित्र थिजलेलं. वाट न पाहता त्यांनी गळ्याभोवती बोट फिरवलं आणि पुढचा प्रश्न केला, मुलगा पसंत आहे का? तेवढ्यात पडद्यावर इंदूने जोरजोरात नकाराचा हात हलवला. सुलोचनाबाईंनी मिशीला पीळ देऊन मनगट धरून दाखवलं, दादा जबरदस्ती करतोय का? आणि पडद्यावरच्या इंदूने ठामपणे होकारार्थी मान डोलावली. मग चित्र तुटलं ते तुटलंच.

काय झालं ते मला माहीत होतं, कारण सगळे निरोप माझ्याच अंगावरून गेले होते. नकार खोकल्याचा होता. होकार राजनसाठी होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर अजून वाटेतच होतं. प्रत्येक उत्तर एक प्रश्न मागे पडलं होतं. पण दिवे मिचकावण्यापलीकडे मला बोलता कुठे येतं? त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचं फार वाईट वाटलं.

सुलोचनाबाईंनी डोळे पुसले आणि टेलिफोन उचलला. “दादा, इंदूला हे स्थळ नको आहे. तू जबरदस्ती करतोयस असं तिनं मला स्वतः सांगितलं.”

पलीकडून कोंडिबादादा म्हणाले, “जबरदस्ती? मी? सुलू, आई गेल्यापासून तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं गं मी.”

“तुला तिच्या खुणा कळतात कुठे?”

“बरं बाई. तुलाच कळतात. संध्याकाळी जाऊन राजनच्या घरी नाही म्हणून सांगून येतो.” त्यांनी फोन ठेवला. सुलोचनाबाईंना वाटलं होतं की आता हलकं वाटेल, पण दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

दुपार कलल्यावर तक्रार बघायला द्वारकाजी आले. त्यांनी टेलिफोन कानाला लावून खरखर ऐकली, मग टेबलावर मला शोधलं. मी दिसेना. तारेच्या मागे मागे ते टेबलाखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, “अरे राम! इसको यहाँ किसने रखा?”

“आपनेच तो बोला था, भैया,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “आजूबाजू नहीं, खाली रखना.”

द्वारकाजी टेबलाखालून बाहेर आले ते फरशीवर बसूनच राहिले. “भाभीजी, खाली मतलब खाली! मतलब जगह खुली. ऊपर-नीचे, आसपास कुछ नहीं.”

प्रियंका हसून हसून वाकली. “अगं आई, हिंदीत खाली म्हणजे रिकामं!”

“मग रिकामं म्हणायचं ना!” सुलोचनाबाई ठसक्यात म्हणाल्या. “रिकाम्याला कुणी खाली म्हणतं का?”

“गलती मेरी भी है,” द्वारकाजी म्हणाले. “दरवाज़े से बोलके निकल गया.” मग त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा जोड वर धरला. “और ये कलाकारी?” प्रबुद्धराव एकदम छताच्या पंख्याकडे पाहू लागले. त्यांना तो पंखा इतका आवडतो, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

द्वारकाजींनी तो जोड कापून टाकला, मला फडक्याने पुसून पुन्हा टेबलावर मोकळ्या जागेत ठेवलं आणि फिल्टरची डबी जिथल्या तिथे लावली. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. प्रियंकाने संगणकावर कॉलेजातल्या मैत्रिणीला हाक मारून पाहिली.

“अब ठीक है?” द्वारकाजींनी विचारलं.

“एकदम! पहले तो भैया, पूछो कुछ और जवाब आए पिछलेवाले का. मैंने पूछा नोट्स मिले क्या, तो वो बोले पनीर की सब्ज़ी.”

सुलोचनाबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या. “पियू, काय म्हणालीस? पुन्हा सांग.”

“अगं, उत्तर मागच्या प्रश्नाचं यायचं, असं म्हटलं.”

सुलोचनाबाईंनी ट्रे खाली ठेवला. गळ्यावर बोट टेकवलं आणि नकाराचा हात हलवला. गळ्याभोवती बोट फिरवलं आणि मान डोलावली. “अगं बाई! तिला खोकला नाहीये,” असं म्हणून त्या टेलिफोनकडे धावल्या.

सोलापुरात वहिनींनी फोन घेतला. “हे बघा, आत्ताच चप्पल घालून निघालेत.”

“वहिनी, हाक मारा त्यांना! राजनच्या घरी जाऊ देऊ नका. इंदूला घेऊन कॅफेत जायला सांगा, लगेच!”

वहिनींची हाक गल्लीभर गेली असणार, कारण ती माझ्या तारेलाही जाणवली. कोंडिबादादा कुरकुरत परतले, पण इंदूला घेऊन गेले. इकडे चहा निवून गेला तरी द्वारकाजी उठले नाहीत. आपण जोडलेल्या तारेतून काय येतं, ते त्यांनाही पाहायचं होतं.

पडद्यावर इंदू आली. मागे दादा उभे, मान वळवलेली. सुलोचनाबाईंनी एकच प्रश्न विचारला. गळ्याभोवती बोट फिरवलं, मुलगा पसंत आहे का? आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून त्या थांबल्या.

इंदूने मान डोलावली. लगेच. मी जराही उशीर केला नाही, मित्रांनो, याचा मला आजही अभिमान आहे.

मग इंदूचे हात सुरू झाले. तिने माग चालतो तसे हात मागेपुढे केले आणि दोन्ही कान झाकले. पॉवरलूमच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं दिवसभर हातांनी बोलतात. धागा तुटला हातांनी, पाणी दे हातांनी, चेष्टासुद्धा हातांनी. पाहुणे आले तेव्हा राजनने तिला सगळ्यांच्या देखत हातांनीच विचारलं होतं, चहात साखर किती? इंदूने आपल्या छातीवर हात ठेवला, मग पडद्याबाहेर कुठेतरी बोट दाखवलं, आणि दोन्ही तळहात एकमेकांशेजारी सारखे धरले. तो आणि मी सारखे.

सुलोचनाबाईंना रडू आवरेना. त्यांनी दादाकडे पाहून दोन्ही कान धरले. ही खूण समजायला कुणाला शिकवावं लागत नाही. दादांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि दोन बोटांनी मिशीला चांगला पीळ दिला.

लग्न झालं. पुढे पडद्यावर इंदूच्या शेजारी राजन बसू लागला आणि सुलोचनाबाई त्याच्याकडून कारखान्यातल्या नव्या खुणा शिकू लागल्या. मी टेबलावर बसून ते सगळं इकडून तिकडे पोचवत राहिलो. त्या दिवसांत मला रोज कोरड्या फडक्याने पुसायचे आणि माझ्या चारी बाजूंना कुणी कागदसुद्धा ठेवत नसे. मग माझ्यापेक्षा चपळ, बिनतारी यंत्र आलं आणि माझी रवानगी लोखंडी कपाटावरच्या खोक्यात झाली. बदल्या झाल्या, घरं बदलली, पण मला कुणी टाकून दिलं नाही. आता माझे दिवे लागत नाहीत. याचं दुःख नाही असं म्हणणार नाही, थोडं आहेच.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला वारा लागू द्या, त्याची तार जोडाजोडीची ठेवू नका आणि तो अडखळला तर शिव्या देण्याआधी एकदा वाकून बघा. आणि कुणाला मनातलं काही विचारलंत, तर त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत दुसरा प्रश्न विचारू नका. हात मांडीवर ठेवा आणि थांबा.