बशीच्या पोटातला मत्सर

रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यात माणसं, खिडक्यांना टेकून माणसं, आणि सगळ्यांचे डोळे कापसाच्या एका बोळ्यावर. समोरच्या खुर्चीत बँकेतली एक बाई डोळे मिटून बसली होती. निर्मळताईंनी तिच्या चेहऱ्याला आपला शुद्धी-साबण फासला, ओल्या टॉवेलनं फेस पुसला आणि पिवळसर टोनरमध्ये भिजवलेला कापूस तिच्या गालावरून फिरवला. पिवळा कापूस बघता बघता लालभडक झाला. बायका तर बायका, चांगले टाय लावलेले पुरुषही हात जोडून उभे राहिले.

निर्मळताईंची टकळी चालूच होती. बाजारातला टोनर वरची धूळ काढतो, माझा टोनर आतला मळ काढतो. राग, मत्सर, वाईट नजर, सगळं कातडीत साठतं आणि ते या कापसावर उतरतं. त्वचा तेलकट असो, कोरडी असो, नाजूक असो, सगळ्यांना एकच बाटली, कारण पाप सगळ्यांचं सारखंच. आणि लावल्यावर चुरचुरलं तर घाबरायचं नाही, विष बाहेर पडतंय असं समजायचं. बाटलीवर घटकांच्या जागी छापलं होतं, 'निसर्ग आणि श्रद्धा'. माझा उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, पण हे दोन पदार्थ मला कुठल्या कपाटात सापडले नव्हते.

मी तिथे गेलो होतो तो आमच्या हिच्या पिशव्या धरायला. ही, म्हणजे माझी बायको, निर्मळताईंची पट्टशिष्या. थोरली सून तीन महिन्यांचा शुद्धी-कोर्स पुरा करून बसलेली, त्यामुळे तिचा कापूस पिवळाच राहायचा आणि हिचा ऊर भरून यायचा. त्या दिवशी धाकटीला पहिल्यांदा आणलं होतं. मला मात्र त्या टॉवेलकडे बघून शिसारी येत होती. एकच टॉवेल, सकाळपासून शंभर तोंडांवरून फिरलेला, पू झालेल्या मुरुमांवरून आणि लिपस्टिकवरून, आणि भक्तमंडळी त्याच्याखाली कौतुकानं तोंड देत होती.

धाकटी खुर्चीत बसली. तिची कातडी मुळातच कोरडी, थंडी पडली की गाल तडकतात. कापूस लागताच ती कळवळली. कापूस लाल झाला, इतका लाल की निर्मळताईंनी तो चिमट्यात धरून हॉलभर फिरवला. मग त्यांनी हिला जवळ बोलावून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं, घरात तान्हं मूल आहे का? ही म्हणाली, आहे, थोरलीचा मुलगा आहे, आणि महिनाभर झाला, त्याच्या गालांवर पुरळ उठलंय. निर्मळताईंनी एक सुस्कारा टाकला आणि धाकटीला अजून मूल झालेलं नाही ना, एवढंच विचारलं. पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही. सगळा हॉल धाकटीकडे वळून बघत होता आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसून गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते सांगतानाही माझ्या तोंडाला कडू चव येते. धाकटीनं बाळाला घ्यायचं नाही. त्याचे कपडे धुवायचे नाहीत. ते रडलं तरी ती दारात उभी राहायची आणि थोरली येईपर्यंत त्याला नुसती हाका मारायची. याच मुलाला पहिले दोन महिने रात्रंदिवस खांद्यावर घेऊन हिंडवलं होतं ते तिनंच, थोरली तापानं फणफणली होती तेव्हा. तिचा नवरा, आमचा धाकटा, कामानिमित्त परगावी, फोनवर त्याला ती सगळं ठीक आहे म्हणायची. मी हिच्याशी भांडलो. ही म्हणाली, "मी काही तिला वाईट म्हणत नाही. पण कापूस खोटं बोलतो का?"

खरी किळस मला पुढे आली. धाकटीला स्वतःलाच ते पटायला लागलं. दिवसातून चार-पाच वेळा ती त्या साबणानं तोंड धुवायची, वर टोनर चोळायची, आणि कापूस लाल झाला की आरशासमोर बसून रडायची. गालांची सालं निघाली, ओठांच्या कडांना भेगा पडल्या, पापण्या सुजल्या. मी तिला जबरदस्तीनं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं झाकण उघडून नुसता वास घेतला आणि कपाळाला हात लावला. बाटलीत स्पिरिट होतं, पुदिन्याचा अर्क होता, लिंबाचा वास होता. त्यांनी धाकटीला शांतपणे समजावलं. खूप तेलकट आणि मुरुमांच्या कातडीला सॅलिसिलिक ॲसिड असलेला सौम्य टोनर थोडाफार उपयोगी पडतो. कोरड्या कातडीला ग्लिसरीनसारखं ओलावा धरणारं काहीतरी लागतं, आणि स्पिरिट तर तिच्यात असलेलं तेलही ओढून घेतं. नाजूक कातडीला सुगंधसुद्धा नको. आणि टोनर लावलाच पाहिजे असा कुणालाही नियम नाही, चेहरा धुऊन साधं मलम लावलं तरी पुष्कळ. चुरचुरणं म्हणजे औषध लागू पडणं नव्हे, चुरचुरणं म्हणजे कातडी नको नको म्हणतेय.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. घरी येताना रिक्षात म्हणाली, "बाबा, डॉक्टर वरून बघतात. कापूस मात्र रोज लाल होतो, त्याचं काय?"

 त्याचं उत्तर मला मिळालं दुसऱ्या दिवशी, मोरीत. धाकटी तोंड धुऊन गेली होती. बेसिनच्या काठावर साबणाचा फेस वाळत होता आणि त्यावर टोनरचे चार थेंब सांडले होते. बेसिनवर लाल ठिपके. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर! मी वाकून वास घेतला, बोटानं चोळून बघितलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हळद. स्पिरिटमध्ये उतरवलेली हळद. सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे घराघरात सगळ्यांनी बघितलंय. साबण आम्लारीधर्मी, हळद आम्लारीत लाल होते. हाच प्रयोग मी वर्गावर्गात करून दाखवला होता, त्यातली निम्मी पोरं आता त्या हॉलमध्ये हात जोडून उभी होती.

म्हणजे साबण नीट न धुता नुसता टॉवेलनं पुसायचा, की कापूस लाल. धाकटीला पाणी झोंबायचं म्हणून ती फेस भराभर उरकायची. जितकी जास्त धुवायची, तितका जास्त साबण राहायचा आणि तितकं जास्त पाप निघायचं. मग कोर्स पुरा केलेल्यांचा कापूस पिवळा कसा राहतो? आता मला आठवलं, त्यांच्या तोंडावरचा फेस हॉलमधल्या एका वेगळ्या घमेल्यातल्या पाण्यानं धुतला जायचा, 'आशीर्वादाचं पाणी' म्हणून.

पुढच्या रविवारी मी धाकटीला, हिला आणि थोरलीला घेऊन गेलो. बाळ थोरलीच्या कडेवर होतं. माझा नंबर आला तेव्हा खुर्चीत न बसता मी निर्मळताईंची बशी उचलली, जिच्यात ओतून त्यांनी नुकताच चहा प्यायला होता. म्हटलं, आधी या बशीची शुद्धी करा. लोक हसले. निर्मळताईही हसल्या, पण जरा उशिरानं.

मी त्यांच्याच साबणानं बशी घासली, त्यांच्याच टॉवेलनं पुसली आणि त्यांच्याच बाटलीतला कापूस फिरवला. कापूस लालभडक.

"ताई, ही बशी कुणावर जळते?" मी विचारलं.

निर्मळताई म्हणाल्या, बशीला तुमचा हात लागलाय, तुमच्या मनातला राग उतरलाय. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची मला सवय होती. मी खुर्चीचा दांडा साबणानं पुसला, कापूस लाल. आरशाची काच, लाल. शेवटी सगळ्यांना दिसेल असा तो लाल कापूस आशीर्वादाच्या पाण्यात बुडवला आणि वर काढला. पिवळा. बँकेतली बाई पुढे आली, तिनं घमेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. लिंबू पिळलेलं पाणी, दुसरं काही नाही. आंबट लागलं की हळदीचा लाल रंग जातो, एवढाच काय तो आशीर्वाद.

मग मी हळद आणि साबणाची गोष्ट सांगितली.  काही जण मान खाली घालून जिना उतरले. काही माझ्यावरच उखडले, की म्हाताऱ्याला चांगलं काही बघवत नाही. निर्मळताई बाटल्या पिशवीत भरून मागच्या दारानं गेल्या. त्यांच्याइतकीच किळस मला त्या उखडलेल्यांची आली, कारण फसलेल्या माणसाला फसवणुकीपेक्षा फसवणूक उघडी करणाऱ्याचाच राग जास्त येतो.

घरी पोचल्यावर थोरली आतून एक बाटली घेऊन आली.  बाळ निर्मळ राहावं म्हणून ती रोज आंघोळीनंतर त्याच्या गालांना तोच टोनर लावत होती. पुरळ त्याचंच होतं. तिनं बाटली मोरीत ओतली, बाळाला धाकटीसमोर धरलं आणि रडायला लागली.

ही पुढे झाली. आयुष्यात मी तिला कुणाची माफी मागताना फारसं बघितलं नव्हतं. तिनं धाकटीचा हात धरला आणि म्हणाली, "चुकलं ग आमचं. बशी लाल झाली तेव्हा डोळे उघडले."

धाकटीनं बाळाला घेतलं. बाळ तिच्या सोललेल्या गालाला हात लावायला गेलं, तशी तिनं मान मागे घेतली.

"हो आई," ती म्हणाली. "बशी निर्दोष आहे हे तुम्हाला लगेच पटलं. मी दोन वर्षं या घरात आहे."

 ते मलाही लागू होतं. मी कापसाचा खुलासा शोधत बसलो होतो, पण पहिल्याच दिवशी त्या हॉलमध्ये उभं राहून माझी सून अशी नाही, एवढं चार शब्दांत सांगायला मला हळदीची गरज नव्हती.

तिची कातडी भरून आली. बाळाचे गाल तर आठवड्यात साफ झाले. निर्मळताई दुसऱ्या कुठल्या तरी गावात दुसऱ्या कुठल्या तरी दुकानावर बसल्या असतील, आणि तिथेही जिन्यात गर्दी असेल. म्हणून सांगतो. बाटलीत काय आहे ते विचारा. लिहिलेलं नसेल तर ती चेहऱ्याला लावू नका. आपली कातडी कोरडी की तेलकट हे डॉक्टरला विचारा, चमत्काराला नको. आणि एखाद्या वस्तूचा रंग बदलला म्हणून घरातल्या माणसावर संशय घेण्याआधी तीच वस्तू एकदा बशीवर घासून बघा.