अंगठ्यापुरती खळगी

"अगं दाब ना, रोवेना! केकवरचं क्रीम वितळायला लागलं," ऑफिसातली टेस म्हणाली.

पडद्यावर 'पाठवा' असं लिहिलेला हिरवा चौकोन होता. तो दाबला की मदत मागायचं नवं ॲप ॲडलेडपासून डार्विनपर्यंतच्या हजारो म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये जाणार होतं आणि महिनाअखेरीस त्यांच्या गळ्यातली लाल बटणं मुकी होणार होती. ती बटणंही रोवेनानंच घडवलेली. पडलं की दाबायचं, मग बटणातूनच मदत केंद्रातलं माणूस बोलायचं.

रोवेना पास्को, डिझाइनप्रमुख, वय अठ्ठावन्न. हुद्दा भारदस्त, पण या क्षणी माउसवरचं बोट हलेना.

घाबरायची तिला सवय होती. बटणाचा पोलादी साचा कापायच्या दिवशी तिला घास गिळवत नसे. साचे करणारा कोस्टा चिडवायचा, "बाईसाहेब, पोलाद थोडं राखूनच कापतोय. एकदा काढलेलं परत चिकटवता येत नाही." पण त्या भीतीला शेवट होता. बटण हातात यायचं, ती डोळे मिटून चाचपायची, अंगठा आपसूक खळगीत बसायचा आणि मग तिला सडकून भूक लागायची. फोनची काच मात्र सगळीकडे सारखीच गुळगुळीत. इथं जो तो म्हणायचा, "चुकलं तर उद्या दुरुस्त करू." उद्यापर्यंत पडून राहिलेल्या माणसानं काय करायचं, असं तिनं एकदा विचारलं, तर सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले.

रविवारी तिनं आईला ॲप दाखवलं. ब्याऐंशी वर्षांची एडना भारी हौशी. ती स्वतःच गालिच्यावर आडवी झाली.

"हं, पडले मी! आता?"

"आता फोन काढ, आई."

"फोन स्वयंपाकघरात किटलीपाशी आहे, बाळा. हाक मारू का त्याला?"

दोघी पोट धरधरून हसल्या. परतताना रोवेनाला गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली.

सोमवारी तिनं ड्यूगलला, तिच्या साहेबाला, सांगून पाहिलं. "जुनी बटणं चालू राहू दे."

"दोन-दोन यंत्रणा पोसू? फोन खिशात ठेवा, अशी सूचना टाक की."

तोच ड्यूगल आता घड्याळाकडे बघत होता. "रोवेना, जमत नसेल तर मी दाबतो."

या वयात नोकरी गेली तर दारात कोण उभं करणार? रोवेना उठली. आपला फोन तिनं केकशेजारी ठेवला आणि जमिनीवर आडवी झाली.

टेस खुदकन हसली. मग हसायची थांबली.

"मी पडलेय," रोवेना म्हणाली. "फोन वर आहे."

"पुरे झालं. ऊठ." ड्यूगलनं माउस स्वतःकडे ओढला.

पण रोवेना उठली नाही. घाबरून तिचा हात स्वेटरच्या खिशात गेला. तिथं पहिल्या खेपेतलं बटण होतं, तिनं आजवर चालू ठेवलेलं. अंगठा खळगीत बसला.

"हॅलो, मदत केंद्रातून मार्गी बोलतेय. पडलात का हो?"

"हो."

"लागलंय का कुठं?"

"नाही. भीती वाटतेय."

"वाटणारच. मी आहे हं, कुठं जात नाही. जवळ कोणी आहे का तुमच्या?"

रोवेनाला टेबलाखालून नुसते बूट दिसत होते. एकही हलत नव्हता.

"आहेत," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलत राहा."