तोइवोची घाई आणि मी

मी टेप बोलतेय. सुरुवातीला थोडी खरखर होईल, ती माझ्या वयाची समजा.

माझा जन्म शिकागोच्या एका स्टुडिओत झाला, असं मी मानते. त्याआधी मी कोरी होते, आणि कोरं असण्याला काय जगणं म्हणतात? १९६५ साली डुलूथ नावाच्या गावाहून चार पोरं आपला बँड घेऊन आली. गायला आर्विड लुंड, ड्रम्सवर तोइवो माकेला. एकच गाणं त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवलं, ते सगळं माझ्यावर. तोइवो सुरू करायचा झकास, पण दुसऱ्या कडव्याला असा सुटायचा की मागून गाताना आर्विडला धाप लागायची.

"अरे, मागे कुत्रं लागलंय का तुझ्या?" हे आर्विडचं ओरडणं माझ्यावर अजून आहे.

शेवटी स्टुडिओचे साहेब गोड आवाजात म्हणाले, "तोइवो, जरा सगळ्यांसाठी सँडविच घेऊन ये." तो गेला आणि त्याच्या जागी भाड्याचा ड्रमर बसला. माझ्या शेजारच्या टेपवर, म्हणजे माझ्या बहिणीवर, गाणं पहिल्याच फटक्यात जमलं. तोइवो नेहमीप्रमाणे लवकर परतला. हातात पिशवी घेऊन काचेबाहेर उभा राहून त्याने सगळं ऐकलं. मग आत येऊन विचारलं, "मस्टर्ड कुणाला जास्त हवंय?"

फार वाईट वाटलं मला.

बहिणीची रेकॉर्ड निघाली, ती रेडिओवर गाजली. मी आर्विडच्या गॅरेजमध्ये बर्फात वापरायच्या जुन्या टायरांखाली पडून राहिले. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? डुलूथमध्ये तोइवो 'त्या गाण्याचा ड्रमर' झाला. लोक त्याला कॉफी पाजायचे. तो खोटं बोलला नाही, फक्त कधी 'नाही' म्हणाला नाही.

माणसांची गंमतच आहे. ताजं असताना नाकारतात आणि शिळं झालं की शोधत येतात. एका कंपनीला आता त्या काळची न निघालेली रेकॉर्डिंगं हवी होती. म्हातारा आर्विड मला आणि जुनं यंत्र घेऊन तोइवोच्या दारात हजर झाला.

"तू वाजवलेलं त्यांना हवंय. पण तू हो म्हटलंस तरच देणार."

"ठेवून जा. ऐकतो," तोइवो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. मी बाहेर पडले की सारं गाव दोन्ही रेकॉर्डिंगं शेजारी ठेवून ऐकणार आणि इतक्या वर्षांची अब्रू जाणार.

मला फेकून द्यायला त्याचा हात धजेना. म्हणून त्याने मला अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या लाकडी खोलीच्या, फळीवर ठेवलं आणि भट्टी पेटवली. चुकून उष्णतेने खराब झाली, असं सांगायचा बेत! मी घामाघूम. पण घाईत तो एक गोष्ट विसरला. त्याच्यासारख्या फिनिश माणसाच्या घरी सौना तापतो शनिवारी, आणि त्या दिवशी होता बुधवार.

धूर दिसताच त्याची बायको आयली हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "बुधवारी? कोण मेलं?"

मग तिला मी दिसले. तिने मला उचललं, पदार्थ निववतात तसं खिडकीत निववलं आणि यंत्रावर चढवलं. तोइवो कोपऱ्यात मान खाली घालून बसला. मी जीव तोडून वाजले.

"हा तू," आयली म्हणाली. "रेडिओवरचा तू नव्हेस, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं? आर्विडने?"

"सांगायला कशाला हवं? रेडिओवरचा तो माणूस शेवटपर्यंत एका चालीने जातो. तुझ्यामागे मी पन्नास वर्षं पळतेय. लग्नात पाद्र्याचं विचारून व्हायच्या आत तू हो म्हणाला होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. सगळ्यात घाई, मेल्या, आणि एवढ्या एकाच गोष्टीला इतका वेळ लावलास!"

तो हसला, मग रडला, मग आर्विडला फोन लावला.

आता मी एका थंड खोलीत आरामात असते आणि माझ्या नकला लोकांच्या घरी वाजतात. तुमच्याकडे आलेच, तर एक विनंती. गाणं तोइवो सगळ्यांच्या आधी संपवतो, बाकीचे मागून धडपडत येतात. खुशाल हसा, तोही हसतो. फक्त मध्येच बंद करू नका. मला शेवटपर्यंत ऐकणारं माणूस फार उशिरा भेटलंय.